पालथी ठेवायची हॅट

मी हॅट घालून फिरायचो तेव्हा पुण्यात लोक मला दोनच प्रश्न विचारायचे. शूटिंग कुठं आहे, आणि डोक्याला काय लागलंय. स्वारगेटला एका रिक्षावाल्यानं मीटर टाकता टाकता अगदी काळजीनं चौकशी केली होती, "साहेब, सर्कस कुठं उतरलीय तुमची?" मला राग यायचा नाही. ज्या शहरात हेल्मेटविरुद्ध मोर्चे निघतात, तिथं आपखुशीनं डोक्यावर काही घालणाऱ्याकडं लोक संशयानंच बघणार.

जुन्या फेल्ट हॅटांचा नाद मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लागला. तेव्हा आयटीत पगार बरे मिळायला लागले होते आणि जुन्या बाजारात लोक आजोबांच्या वस्तू किलोवर विकून जात होते. नव्या हॅटेत मजा नाही. जुनी हॅट हातात घेतली की तिच्या मालकाचं डोकं कळतं. कपाळ रुंद होतं की अरुंद, घाम किती यायचा, तेल कोणतं लावायचा. मुख्य म्हणजे हॅट काढायचा कशी. बहुतेक पुरुष माथ्याला पुढून चिमटीत धरून हॅट उचलतात, त्यामुळं तिथली लव झिजून गुळगुळीत होते. आणि आमच्या पंथातला पहिला नियम असा की हॅट नेहमी उताणी ठेवायची, माथा खाली आणि तोंड वर. काठावर पालथी ठेवली की काठ चपटा होतो आणि हॅटेची रया जाते.

हा नियम नीट लक्षात ठेवा.

ही गोष्ट २००५ च्या पावसाळ्यानंतरची. मिक्सरचं भांडं फुटलं होतं आणि त्या जुन्या कंपनीची भांडी खडकी बाजारात एकजण मिळवून देतो असं कल्याणीनं कुठंतरी ऐकलं होतं. कल्याणी म्हणजे माझी बायको. तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. कारण हॅटाच. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत कपाटावर, फ्रिजवर, पलंगाखाली हॅटा झाल्या होत्या. मिक्सरचा निरोप तिनं मला फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून दिला होता. रविवारी दुपारी मी राखाडी हॅट घालून खडकीला गेलो, भांडं घेतलं आणि चाळींच्या मधल्या बोळातून स्टेशनकडं निघालो.

"अहो हॅटवाले."

हाक मागून आली. एका उघड्या दारात पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी उभी होती. तिचे दोन्ही हात अंगाशी लोंबत होते, जणू बाह्यांत नुसते अडकवले असावेत. मला वाटलं, हीपण शूटिंगचं विचारणार.

"आत या. एक वस्तू आहे तुमच्या कामाची."

खोली स्वच्छ होती. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर विझलेली मेणबत्ती. लाकडी कपाटावर एक काळपट तपकिरी हॅट ठेवलेली होती. पालथी.

"आमच्या मालकांची," म्हातारी म्हणाली. "नागोराव नाव त्यांचं. मी इंदुबाई. घ्या खाली. माझे हात वर जात नाहीत."

मी हॅट घेतली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं म्हणालात तरी चालेल. असा घट्ट, मऊ फेल्ट मी त्यापूर्वी हाताळला नव्हता. आतली चामडी पट्टी शाबूत होती. पण माथ्याकडं बघितलं आणि थबकलो. चिमटीची खूणच नव्हती. तिथली लव दुकानातून आणल्यासारखी उभी होती. झीज होती ती काठाला, दोन्ही बाजूंना. अंगठ्यांचे दोन खळगे. ते खळगे अशा जागी होते की हॅट घातलेल्या माणसाच्या स्वतःच्या हातांनी ते पडणंच शक्य नव्हतं. समोर उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणीतरी, वर्षानुवर्षं, दोन्ही हातांनी ती उतरवली होती.

"काय द्यायचे हिचे?" मी विचारलं.

"काही नको." ती माझ्याकडं बघत राहिली. "घरात बायको आहे?"

"आहे."

"उंच आहे?"

हा काय प्रश्न झाला. पण म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं याची मुभा असते. "आहे की. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायची."

इंदुबाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "माझ्या हातात द्या, आणि माझ्या हातातून घ्या."

मी तसं केलं. तिची बोटं गार होती.

"एवढंच सांगते. दिवेलागणीला ही पालथी ठेवायची. उताणी ठेवू नका."

मी हसलो. "आजी, उलट सांगताय तुम्ही. हॅट उताणीच ठेवायची असते. बघा ना, काठ कसा बसलाय खाली." आणि मी तिला माझ्या पंथाचा पहिला नियम नीट समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती, पण तिचं लक्ष दाराकडं होतं. ऊन उतरत चाललं होतं.

घरी पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती. भारनियमनाचे दिवस ते. कल्याणीनं मेणबत्ती हातात घेऊन दार उघडलं. माझ्या डोक्यावर ती नवी हॅट बघून तिचा चेहरा आधी कडू झाला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मेणबत्ती चपलांच्या स्टँडवर ठेवून तिनं दोन्ही हातांनी ती हळूच माझ्या डोक्यावरून उतरवली.

"माणूस दिसू दे जरा," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. तिचे अंगठे बरोबर त्या दोन खळग्यांत बसले होते. मला तेव्हा त्यात गोडवाच वाटला.

मी हॅट आतल्या कपाटावर ठेवली. उताणी.

पुढचे आठवडे, रविवारसुद्धा, माझे खराडीच्या ऑफिसात गेले. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं काम अंगावर होतं, घरी पोचायला साडेनऊ व्हायचे. हॅटेकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता. तरी सकाळी कपाट उघडताना एक गोष्ट जाणवायची. हॅटेची आतली पट्टी दमट असायची. मी बोट फिरवून वास घेतला. खोबरेल, वंगण, आणि घाम. जुना वास वेगळा असतो, धुळकट असतो. हा ताजा होता.

कल्याणी मात्र खुशीत होती. तिला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, एक तारखेला रुजू व्हायचं होतं. लग्नानंतर तीन मुलाखती हुकलेल्या, ही चौथी. तिनं दोन नवे ड्रेस शिवून घेतले होते. कंपनीची बस संध्याकाळी सातला परत सुटणार होती आणि त्या बसचा थांबा आमच्या चौकातच आहे याचं तिला केवढं अप्रूप.

एका रविवारी रात्री चहा पिता पिता ती म्हणाली, "एक सांगू? तू हल्ली बोलत नाहीस, पण वेळेवर घरी येतोस, ते मला आवडतं."

"वेळेवर?"

"दिवेलागणीला येतोस की. मी हॅट काढून घेते, तू गॅलरीत खुर्चीवर बसतोस. चहा ठेवते तो पीत नाहीस ते सोड." ती हसली. "मग कधी खाली जातोस कळत नाही, आणि साडेनवाला पुन्हा येतोस. सिगारेट ओढतोस का रे लपून?"

मी कप बशीत ठेवला.

"चेहरा... बघितलास माझा?"

"लाइट कुठं असते त्या वेळेला. आणि तू मान खाली घालून उभा असतोस. मीच टाचा उंचावून काढते." ती बोलता बोलता थांबली. "टाचा..." ती पुन्हा म्हणाली. कल्याणी माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. माझ्या डोक्यावरून काही काढायला तिला टाचा उंचवाव्या लागत नाहीत.

तिनं कपबशा उचलल्या आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी पोटदुखीचं कारण सांगून ऑफिसातून लवकर निघालो. जिना चढताना लाइट गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो, कारण वर आमचं दार उघडल्याचा आवाज आला. बेल वाजली नव्हती. दारात कल्याणी उभी होती, मागं मेणबत्तीचा उजेड. तिच्यासमोर, जिन्याच्या टोकाशी, काही नव्हतं. अंधार होता आणि वंगणाचा वास होता. ती हलली नाही. आज तिला माहीत होतं. तरी तिचे हात वर गेले. टाचा उचलल्या गेल्या. दोन्ही हातांनी तिनं काहीतरी उतरवलं आणि छातीशी धरलं. ती हॅट होती. ती हॅट सकाळी मी कपाटात ठेवून कुलूप लावून गेलो होतो, आणि किल्ली माझ्या खिशात होती.

मग पावलं आत गेली. सावकाश, दमलेल्या माणसाची. गॅलरीतली वेताची खुर्ची करकरली.

मला भीती वाटली, हे सांगायला मला लाज नाही. मी धावत वर गेलो, कल्याणीला बाहेर ओढलं आणि आम्ही दोघं लाइट येईपर्यंत खाली पार्किंगमध्ये बसून राहिलो. तिनं हॅट सोडली नव्हती. मी ओढून घेतली तेव्हा पट्टी ओलीचिंब होती.

सकाळ होताच मी हॅट पिशवीत घालून खडकी गाठली. इंदुबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. प्रेमला त्यांचं नाव. पिशवीतून डोकावणारा काठ बघताच त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला देऊ नका. इथं ठेवूही नका."

"इंदुबाई कुठंयत?"

"गेली भाचीकडं, हिंगोलीला. तुम्ही नेलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी. बस स्टॉपवर मी सोडायला गेले होते. तिथं तिनं स्वतःच्या हातानं अंबाडा बांधला. दोन्ही हात असे वर करून. दिवेलागणी सोडली तर चार वर्षांत तिचा हात खांद्याच्या वर गेला नव्हता." त्यांनी सुपात बघत सांगितलं. "रडली मग. हात मोकळे झाले म्हणाली."

नागोरावांचं त्यांच्याकडूनच कळलं. गावाकडं त्यांच्या वडलांना पाटलाच्या वाड्यावरून जाताना डोक्यावरचं मुंडासं काढून काखेत मारावं लागायचं. नागोराव खडकीच्या कारखान्यात कामाला लागले, धम्म घेतला आणि पहिल्या पगारात ही हॅट आणली. आपल्या हातानं ती डोक्यावरून उतरवायची नाही, कुणापुढंच नाही, असं त्यांनी ठरवलं. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. माझे आजोबाही असंच मुंडासं काखेत मारून वाढले. पण माणूस घरी तर येणारच. म्हणून रोज संध्याकाळी इंदुबाईंनी दारात उभं राहायचं, दोन्ही हातांनी हॅट उतरवायची, कपाटावर पालथी ठेवायची. मग नागोराव उंबरा ओलांडायचे.

"एकदा ती बहिणीकडं दापोडीला गेली," प्रेमलाबाई म्हणाल्या. "बस चुकली. हे आले, दारात उभे राहिले. आम्ही म्हणालो, भाऊ आत बसा, पाणी घ्या. नाही म्हणाले, इंदू येईल. उभेच राहिले. चौकटीला टेकून. ती आली तेव्हा... उभेच होते. अंग गार पडलेलं."

त्यांनी तांदळातून एक खडा काढून बाजूला टाकला.

"तेव्हापासून ती दिवेलागणीला कधी घराबाहेर गेली नाही. लग्न नाही, मयत नाही. हॅट उतरवून पालथी ठेवली की ते जातात. उताणी ठेवली की त्यांना वाटतं पुन्हा घालायचीय, मग थांबतात. सांगितलं नव्हतं तुम्हाला तिनं?"

सांगितलं होतं.

मी हॅट इंदुबाईंच्या कुलूपबंद दारासमोर ठेवली, पालथी, आणि मागं न बघता निघालो. प्रेमलाबाईंनी मागून हाक मारली, "अहो, तिनं हातानं दिली, तुम्ही हातानं घेतली. अशी ठेवून जाता येत नाही." मी ऐकलं नाही. ऑफिसात गेलो, काम केलं, जेवलोसुद्धा. दुपारी कल्याणीला फोन करून सांगितलं की संपलं सगळं. ती म्हणाली, मग मी ड्रेसला इस्त्री करून ठेवते.

संध्याकाळी जिना चढलो तेव्हा दार उघडं होतं.

कल्याणी उंबऱ्यात उभी होती. दोन्ही हात वर, कोपरं ताणलेली, बोटं वाकलेली, अंगठे आतल्या बाजूला. टाचा उचललेल्या. हातांत काहीच नव्हतं. घामानं तिचा चेहरा भिजला होता आणि पोटऱ्या थरथरत होत्या.

"खाली येत नाहीत," ती कुजबुजली. "हात... खाली येत नाहीत माझे."

मी तिचे दंड धरून ओढले. लाकूड ओढावं तसं. ती कळवळली. मी तिच्या आणि त्या रिकाम्या जागेच्या मध्ये उभा राहिलो, म्हटलं मी काढतो, मी आहे. हात वर केले. माझ्या बोटांना काही लागलं नाही, पण चेहऱ्यावर ऊन ऊन श्वास आला, आणि त्या श्वासात इतका अपमान होता की माझेच हात आपोआप खाली आले. कुणा पुरुषापुढं ती उतरणार नव्हती.

"जा," कल्याणी म्हणाली. "घेऊन ये ती... लवकर."

बिबवेवाडी ते खडकी, संध्याकाळची गर्दी. रिक्षावाल्याला मी काय सांगितलं आठवत नाही. हॅट तिथंच होती, बोळातल्या पोरांनीसुद्धा तिला हात लावला नव्हता. परत आलो तेव्हा पार रात्र झाली होती आणि कल्याणी तशीच उभी होती. आता ती रडतही नव्हती. मी हॅट तिच्या बोटांत दिली. अंगठे खळग्यांत बसले. हात खाली आले, इतके हळू की मला ते बघवेना. ती आत गेली आणि तिनं हॅट कपाटावर पालथी ठेवली. जिन्यावर पावलं वाजली, उतरत जाणारी.

एक तारखेला ती रुजू झाली नाही. कंपनीचा फोन आला तेव्हा म्हणाली, घरची अडचण आहे. ड्रेस अजून कपाटात आहेत. सकाळी ती घरी शिकवण्या घेते, चारनंतर कुणाला थांबू देत नाही. मी किती वेळा म्हटलं, आपण कुणाला तरी ही हॅट देऊ या, माझ्यासारखे नादिष्ट काय कमी आहेत. दर वेळी तिचं एकच उत्तर. "आणि त्याच्या बायकोनं काय करायचं?" मला बायकोचा अभिमान वाटायचा. बाकीच्या सगळ्या हॅटा मी विकून टाकल्या. आता उन्हातसुद्धा उघड्या डोक्यानं फिरतो.

सहा वर्षं हे असं चाललं. गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा धरला. मग डावा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. हल्ली तिची वेणी मी घालतो. संध्याकाळी दारात तिला हात वर करताना बघणं म्हणजे... पण करते. ओठ चावून करते. ज्या दिवशी ते हात वर जाणार नाहीत, त्या दिवशी काय होईल याचा विचार आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत करतो.

गेल्या रविवारी तेजस आला होता. माझ्याच टीममधला पोरगा, लग्न ठरलंय, सगळ्यांना पेढे वाटत फिरतोय. त्याला इंटरनेटवर माझे जुने फोटो सापडले होते. "सर, तुम्ही हॅट कलेक्ट करायचात? सॉलिड. एखादी उरलीय का? लग्नात सूटवर घालीन म्हणतो."

"नाही उरली," मी म्हणालो.

कल्याणी चहाचा ट्रे घेऊन येत होती. ट्रे कमरेशी धरून, कारण त्याहून वर तिला धरता येत नाही. तिनं तो टेबलावर ठेवला, तेजसला पेढ्याबद्दल थँक्यू म्हणाली आणि पदरानं हात पुसत त्याच्यासमोर बसली.

"बायको उंच आहे का रे तुझी?"

तेजस हसला. "खूप, वहिनी. फोटोत मला स्टुलावर उभं करावं लागणार आहे."

कल्याणी हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विनवणी असती तर मी काहीतरी बोललो असतो. पण ती नुसतीच बघत होती, दिवसभर उभं राहिलेला माणूस खुर्चीकडं बघतो तशी.

मी उठलो आणि आतल्या खोलीत गेलो. हॅट कपाटात टाकून कुलूप लावायचं, की तिला देण्याआधी ब्रश फिरवायचा, ते माझं ठरलं नव्हतं. आज सांगतानाही मला ते ठरवता येत नाही. बाहेर लख्ख ऊन होतं. दिवेलागणीला अजून अवकाश होता.

कपाटावर हॅट होती. आदल्या संध्याकाळी कल्याणीनं ती पालथी ठेवताना मी स्वतः बघितलं होतं.

ती उताणी होती. आतली पट्टी ओली होती, आणि बाहेरच्या खोलीत, तेजस बसला होता तिथं, वेताची खुर्ची करकरली. ती खुर्ची आम्ही सहा वर्षांपूर्वीच जाळून टाकली होती.